साठा आणि साठेबाजी

२३ जानेवारी २०२० रोजी चीनमधील वुहान शहराचे व्यवहार थांबले, तेव्हा भारतातील औषधांच्या पेढ्यांना त्याची झळ लगेच जाणवली नाही. वास्तविक तापावरील साधी पॅरासिटामॉलची गोळी भारतात तयार होत असली, तरी तिच्यासाठी लागणारे पॅरा-अमिनोफेनॉल मुख्यतः चीनमधून येत असे. आयात होणाऱ्या मूळ औषधद्रव्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा त्या एकाच देशाचा होता. स्वस्त माल एकाच दारातून घेण्याची सवय किती महाग पडू शकते, हे पुढील दोन महिन्यांत उमगले. ३ मार्च रोजी केंद्र सरकारने पॅरासिटामॉलसह २६ औषधद्रव्यांच्या व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले.

२५ मार्चपासून देश बंद झाला आणि दुसरा धडा मिळाला. औषध जीवनावश्यक ठरले. पण गोळीच्या पट्टीचे वेष्टन, पुठ्ठ्याचे खोके, छापील लेबल, मालमोटारीचा चालक, वाटेवरचा ढाबा आणि टायर दुरुस्त करणारा कारागीर, यांच्यावाचून औषध दुकानापर्यंत पोहोचत नाही. अखेर २९ मार्च रोजी केंद्राने जीवनावश्यक आणि इतर असा भेद न करता सर्व मालाच्या वाहतुकीस मुभा दिली. साखळीत क्षुल्लक कडी नसते, हे त्या पाच दिवसांनी दाखवून दिले.

तिसरा धडा मात्र व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या वर्तनाचा होता. समजा, दुकानदाराला १० खोक्यांची गरज आहे. माल मिळणार नाही या भीतीने तो १५ मागवतो. घाऊक व्यापारी तीच मागणी खरी मानून, वर आपली भीती मिळवून, २२ मागवतो. कारखान्यापर्यंत पोहोचते ती गरज नव्हे, भीतीची बेरीज. ज्याच्याजवळ रोकड अधिक, त्याचे गोदाम भरते आणि लहान गावातील दुकानाची फळी रिकामी राहते. त्याच मार्चमध्ये मुखपट्टी व हातशुद्धीचे द्रव जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणून, तीन पदरी मुखपट्टीस १० रुपये व २०० मिलिलिटर द्रवास १०० रुपये अशी कमाल किंमत सरकारला ठरवावी लागली.

साठा करणे हा दोष नव्हे. तो व्यापाराचा धर्मच आहे. गरजेपुरता साठा ग्राहकाला सांभाळतो, भीतीपोटी किंवा लोभापोटी केलेला साठा ग्राहकाला नाडतो. परिग्रहपरिमाणाचे व्रत घरापुरते मर्यादित नाही, गोदामालाही ते लागू पडते.

म्हणून शांत काळातच काही गोष्टी करून ठेवणे हिताचे. प्रत्येक महत्त्वाच्या मालासाठी निदान दोन पुरवठादार असावेत आणि ते दोघे एकाच मूळ ठिकाणाहून माल आणत नाहीत ना, हे विचारून घ्यावे. माल येण्यास लागणारे दिवस वहीत नोंदवावेत. साठ्याचे प्रमाण त्या दिवसांवरून ठरवावे, अफवेवरून नव्हे. टंचाईत जुन्या गिऱ्हाइकांना त्यांच्या नेहमीच्या खपाच्या प्रमाणात माल वाटावा. माल नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. खोटा वायदा करू नये. अडचणीतील लहान दुकानदाराच्या उधारीची मुदत वाढवणे हेही साखळी राखण्याचेच काम आहे, कारण तो बुडाला तर पुढे माल विकणार कोणाला?

संकट सरते, भाव उतरतात. पण त्या दिवसांत कोणत्या पेढीने रास्त दराने माल दिला आणि कोणी दार लावून घेतले, हे गावाच्या स्मरणात राहते. पेढीची खरी शिल्लक तीच.