नावाला सातबारा नसतो

गावांची नावे बदलण्याचा विषय निघाला की आमच्या वर्धा जिल्ह्यातही चर्चा घसरत घसरत माणसांच्या नावांवर येते. "तुमची नावे तरी इथली कुठे आहेत?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्यावर चिडण्यापेक्षा नावांचा अर्थ सांगावा, असे मला वाटते.

इस्माईल, दाऊद, सुलेमान, याकूब ही नावे आपल्या घराघरांत आहेत. लोक त्यांना अरबी समजतात. पण त्याआधी ती हिब्रूत होती. मराठी बायबलात तीच इश्माएल, दावीद, शलमोन, याकोब अशी भेटतात. इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो'. त्यातला 'एल' म्हणजे देव. जिब्राईल आणि मिकाईल या फरिश्त्यांच्या नावांतही तोच आहे. सुलेमानचे नाते हिब्रू 'शालोम'शी, म्हणजे शांतीशी जोडले जाते. आपला 'सलाम' त्याच कुळातला.

ही नावे मराठीला परकीही नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी अब्राहमचा आबाजी केला, बेन्यामिनचा बुनाजी केला आणि पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावली. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी 'शनवार तेली' म्हणत. नाव दुरून आले, पण माणूस पेणचा नि रोह्याचाच राहिला.

शहरांच्या नावांचेही असेच. बाबेल म्हणजे तिथल्या जुन्या अक्कदी भाषेत 'देवाचे दार'. दाराला अरबीत आजही 'बाब' म्हणतात. बायबलात मात्र त्याच नावाचा संबंध भाषांच्या गोंधळाशी लावला आहे. हजरत ईसांचे जन्मगाव बेथलेहेम हिब्रूत 'भाकरीचे घर' आहे, तर अरबीत बैत लहम म्हणजे 'मांसाचे घर'. शब्द एकच, ताट वेगळे. मराठीत 'शिक्षा' म्हटले की मुले घाबरतात आणि हिंदीत तिच्यासाठी शाळेत जातात, तसेच हे.

मग नावे बदलूच नयेत का? तसे मी म्हणणार नाही. ६२२ मध्ये हिजरत झाली आणि यसरिब हे मदिना झाले. मदिना म्हणजे शहर, पैगंबरांचे शहर. पण तिथे झालेल्या करारात यहुदी कबिल्यांनाही स्थान होते. आमच्याच जिल्ह्यात गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले. त्यांची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. या बदलात कोणाचा पराभव नव्हता, कोणाचा विजयोत्सवही नव्हता. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे २०२३ मध्ये गेली तेव्हा मात्र तिथल्या कित्येक रहिवाशांना वाटले की पाटीबरोबर आपल्यालाही पुसले जात आहे. नवे नाव कोणाच्या सन्मानासाठी आहे आणि कोणाला खिजवण्यासाठी आहे, हे गावाला बरोबर कळते.

आर्वीचेच पाहा. तेलंगराव वलींमुळे या गावाला आर्वी तेलंगराव असेही म्हणत. 'तेलंगराव' आणि 'वली' हे दोन शब्द एकत्र नांदतात, आणि त्यांच्या समाधीपुढे हिंदू-मुसलमान दोघेही माथा टेकत आले. हे नाव कोणत्या खात्यात टाकणार?

आपल्या लोकांनाही एक सांगायचे आहे. मुलाचे नाव मोबाइलवर शोधून, कानाला गोड लागते म्हणून ठेवू नका. इस्माईल ठेवाल तर त्याला सांगा, तुझ्या नावाचा अर्थ 'देव ऐकतो' आहे. हेच नाव ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातही आहे. उद्या त्याला कोणी "तुझे नाव कुठले?" असे विचारले, तर त्याला मान खाली घालावी लागणार नाही आणि भांडावेही लागणार नाही. नावाचा अर्थ सांगून तो म्हणेल, "आणि मी वर्ध्याचा."