पचमढीचे चार रिकामे दिवस

विश्रांतीसाठी म्हणून डोंगरावर गेलेली माणसे परत येतात, तेव्हा त्यांचे चेहरे पाहून मला त्यांची दया येते. चार दिवसांत सतरा ‘पॉइंट’ पाहून आलेल्या गृहस्थाला खरे म्हणजे आणखी आठ दिवसांची रजा द्यावयास हवी.

गेल्या कार्तिकात मी एका स्नेह्यांबरोबर पचमढीला गेलो. आम्ही शाळेत एका बाकावर बसलेले. पण पंधरा वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिलो. तेथे काय बोलले गेले ते सांगण्याचे येथे कारण नाही. त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले असते तर बरे. झाले ते त्याहून वाईट : आम्ही एकमेकांना ‘आपण’ म्हणू लागलो. गेल्या वर्षी त्यांच्या सौभाग्यवती निवर्तल्या, तेव्हा मीच विचारले, “पचमढीला येता काय?” “आपली गैरसोय होणार नसेल तर,” असे उत्तर आले.

मुलांनी स्थळांची यादी लिहून दिली होती, जिप्सीही ठरवून दिली होती. रात्रीच्या गाडीने पिपरिया, तेथून सुमारे ५० किलोमीटर घाट. पहिल्या दिवशी पांडवलेणी आणि हंडी खोह उरकली. ‘उरकली’ हाच शब्द योग्य. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे, त्यांतली दहा छायाचित्रांची. वाटाड्याने सांगितले की पचमढीचा ‘शोध’ फोर्सिथ नावाच्या इंग्रज कप्तानाने लावला. फोर्सिथचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ १८७१ त प्रसिद्ध झाला, हे खरे. पण ज्या डोंगरांत गोंड आणि कोरकू पिढ्यान्‌पिढ्या राहत आले, त्यांचा शोध साहेबाने लावला म्हणणे मोठे गमतीचे आहे. आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला, महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडला चढणाऱ्या वऱ्हाड-नागपूरकडच्या आपल्या मराठी माणसांना कोणाच्या ग्रंथाची गरज पडलेली नाही. त्यांच्याजवळ नवस असतो, यादी नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिप्सीवाला आला, तेव्हा स्नेही म्हणाले, “आपली हरकत नसेल तर याला परत पाठवू या.” मला हरकत कसली!

मग आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. साडेतीन हजार फुटांवरचे ते कोवळे ऊन, समोर साल वृक्षांची रांग. घरून आणलेल्या दशम्या संपल्या, चहा तीनदा झाला. दुपारी एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर गेले, तेवढीच त्या दिवसाची घटना. पैसे खर्चून डोंगरावर जायचे आणि बसूनच राहायचे, तर घरचा झोपाळा काय वाईट, असे कोणी विचारील. घरच्या झोपाळ्यावर दारावरची घंटा वाजते, फोन वाजतो, आणि मुख्य म्हणजे बोलावे लागते. पचमढीत दोन माणसे तीन तास गप्प बसली तर ती भांडली आहेत असे कोणाला वाटत नाही. संध्याकाळी स्नेही आपण होऊनच पत्नीच्या शेवटच्या दिवसांविषयी बोलले. मी मध्ये बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी जटाशंकरला गेलो. ते बाजारापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. दरीत उतरणाऱ्या पायऱ्या पाझराने ओल्या होत्या. माझा पाय घसरला, आणि मागून दंडाला धरून कोणी ओरडले, “अरे गाढवा, खाली बघून चाल ना!”

पंधरा वर्षांत मला कोणी गाढव म्हटले नव्हते. मी मागे पाहिले. तो माझ्याकडे न पाहता चष्मा पुसत होता.

धूपगड राहिलाच. सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर, १३५२ मीटर. तेथला सूर्यास्त न पाहता आलो म्हणून दोन्ही घरची मुले हळहळली. यादी त्याच्याच खिशात होती. पिपरियाच्या फलाटावर त्याने ती काढली, पाहिलेल्या तीन नावांवर काट मारली आणि माझ्या हाती देत म्हणाला, “ही जपून ठेव तू. माझ्याकडे हरवेल.”