पंधराशें रुपयांचा बोभाटा

खंडाळा तालुक्यांतील कोणत्याही गांवच्या पारावर किंवा आठवड्याच्या बाजारांत घटकाभर बसलें, तर हल्लीं एक गाऱ्हाणें हटकून कानीं पडतें. "सरकारनें बायांना पंधराशें रुपये फुकट चारले, आतां खुरपायला कोणी मिळत नाहीं." दुसरा त्याची री ओढतो, "काल-परवां लग्न झालेलीं पोरें, हाताला काम नाहीं, आणि मूल होण्याआधींच अर्ज घेऊन अंगणवाडीच्या दारांत उभीं!" हीं वाक्यें शहरांतील बंगलेवाल्यानें काढलीं असतीं, तर आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें असतें. पण तीं आमच्याच शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार बंधूंच्या तोंडून निघतात, म्हणून आज दोन शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे.

प्रथम हा पैसा किती, तें पाहूं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्यें जाहीर झाली. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत असलेल्या २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रीस दरमहा १५०० रुपये, म्हणजे दिवसाचे ५० रुपये द्यावयाचे, असा तिचा नियम. पन्नास रुपयांवर कोणती बाई राजाची राणी होऊन बसली असेल, हें गाऱ्हाणें करणारांनींच मनाशीं ताडून पाहावें. खुरपणीस बाई येत नसेल, तर ती शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत कंत्राटी कां होईना, पण महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो तेथें गेली असेल. नाहीं तर आपण देऊं केलेली मजुरी तिला परवडली नसेल. उद्यांच्या भाकरीची धास्ती थोडी कमी झाली, कीं माणूस आपल्या घामाचा भाव करूं लागतो. याचा आपणांस राग येतो काय? आपण कांद्याचा भाव करूं लागतों, तेव्हां व्यापाऱ्यासही असाच राग येतो!

मग या योजनेंत लबाडी झालीच नाहीं काय? झाली. २०२५ सालच्या तपासणींत सुमारें २६ लाख ३४ हजार नांवांचा लाभ थांबविण्यांत आला, आणि १४ हजार २९८ पुरुषांच्या नांवें पैसे गेल्याचें बाहेर आलें. सरकारी नोकरींतील कांहीं बायांनींही हात मारला. ज्यांनीं जाणूनबुजून खोटें केलें त्यांच्याकडून पैसा वसूल व्हावा; त्यांची वकिली आम्ही करणार नाहीं. पण २०२४ च्या नोव्हेंबरांतील निवडणुकीपर्यंत अर्ज भराभर मंजूर होत होते, तेव्हां तपासणाऱ्यांचे डोळे कोठें होते, हा जाब कोणी विचारीत नाहीं. पुढें खरेंखोटें करण्यासाठीं ई-केवायसी आली, तिच्यांत नवऱ्याचा किंवा बापाचा आधार मागितला गेला. ज्या विधवेचे दोघेही वारले, जिला नवऱ्यानें टाकलें, तिनें तो आणावा कोठून? ओरड झाल्यावर अशा स्त्रियांस दाखले देण्याची सवलत मिळाली. पण त्या दाखल्यांसाठीं मजुरी बुडवून हेलपाटे तिनेंच घालावयाचे. चोर सोडून संन्याशाला फांशी, तें हेंच.

हा संशय आजचा नव्हे. १८७६–७७ च्या दुष्काळानें दख्खन होरपळली, तेव्हांही साहेबांस हीच चिंता पडली होती कीं, मजुरी बरी दिली तर आळशी लोक कामांवर गोळा होतील. म्हणून सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानें दिवसाला रतलभर धान्य व वर थोडी चिल्लर एवढ्यावर मजुरी आणून ठेविली. १८७७ सालीं मुंबई इलाख्यांतील हजारों दुष्काळपीडितांनीं तीं कामें सोडून आपला निषेध दाखविला. उपाशी माणूस खराच गरजू आहे कीं आळशी, याची परीक्षा त्याला आणखी उपाशी ठेवून घेण्याची ही रीत होती. आणि ती परीक्षा दिली ती आपल्याच पणजा-खापरपणजांनीं.

त्याच दुष्काळांत जोतीराव फुले व सत्यशोधक मंडळींनीं धनकवडीस बालाश्रम चालवून भुकेल्या मुलांस जेवूं घातलें, आणि सावित्रीबाई ओतूर-जुन्नर भागांत मदतीच्या कामास लागल्या होत्या. त्यापूर्वी १८६३ सालीं या दांपत्यानें पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. अडलेल्या विधवेनें तेथें यावें, सुखरूप बाळंत व्हावें, तिचें नांव बाहेर फुटणार नाहीं, असा त्याचा बाणा होता. सावित्रीबाईंचें नायगांव याच खंडाळा तालुक्यांत आहे. ३ जानेवारीस तेथें फुलें वाहून यावयाचें आणि घरीं परततांना अंगणवाडीपुढें उभ्या राहिलेल्या पोरसवदा आईला फुकटी म्हणावयाचें, हें आम्हांस तरी पटत नाहीं.

"खायला नाहीं तर मूल कशाला होऊं दिलें?" असें तरुण जोडप्यास विचारणारे पुष्कळ भेटतात. वयांत येतांच लग्न उरकून देणारे आणि वर्षाच्या आंत पाळणा हलला नाहीं तर नांवें ठेवणारेही तेच असतात! १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळापुढें कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाच्या मदतीचें बिल आलें, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं बाजू मांडली कीं, बाळंतिणीस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे व त्याचा पुष्कळसा भार सरकारनें उचलला पाहिजे. १९२९ सालीं कायदा झाला. २०१७ सालच्या दुरुस्तीनें पगारी नोकरींतील स्त्रीस पहिल्या दोन बाळंतपणांस २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ती मिळावीच, तिला कोणी फुकटी म्हणत नाहीं. पण शेतमजुराच्या सुनेस मातृ वंदना योजनेंतून पहिल्या मुलाला ५००० रुपये मिळतात. तेच २६ आठवड्यांवर पसरले, तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत तर किमान ६००० रुपये लिहिलेले आहेत. उरलेले दुसऱ्या योजनेंत धरून सरकार हिशेब जुळवितें. शिवाय मुलीच्या लग्नाचें कायदेशीर वय १८ आणि लाडक्या बहिणीचें वय २१. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची आई, जिची ओढाताण सर्वांत जास्त, ती त्या पंधराशांच्या बाहेरच. बोल मात्र तिलाच लागतो.

पैसा एकच, पण तो कोणाच्या ओंजळींत पडतो त्यावर त्याचें नांव बदलतें. पेशवाईंत पुण्याच्या रमण्यावर रयतेच्या साऱ्याचा पैसा वांटला, तिला दक्षिणा म्हणत. १९६४ पासून राज्य सरकार कारखानदारांस सवलती देत आलें, त्यांस सामूहिक प्रोत्साहन म्हणतात. जमीन असलेल्या शेतकऱ्यास केंद्राचे व राज्याचे मिळून वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, त्यांस सन्मान निधि म्हणतात. आणि भूमिहीन बाईस कांहीं मिळालें, कीं ती रेवडी! शेतकरी बंधूंनो, शहरांत तुमच्या सन्मान निधीलाही रेवडीच म्हणतात, हें ध्यानांत असूं द्या. आपलें ठेवावें झांकून आणि दुसऱ्याचें पाहावें वांकून, ही संवय आपणां सर्वांसच बुडवील. हा आमच्या कराचा पैसा, असें कोणी म्हणेल, तर साबणाची वडी घेतांना ती भूमिहीन बाईही कर भरते.

खरा धोका पैसे वांटण्यांत नाहीं, ते मर्जीवर वांटण्यांत आहे. सांगली जिल्ह्यांतील विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी निघाली. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून बायाबापड्यांनीं तिच्यावर घरें जगविलीं. तिचा १९७७ सालीं कायदा झाला व १९७९ पासून तो अंमलांत आला; खर्चासाठीं शहरांतील नोकरदार-व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसला. त्यानंतर काम मागणाऱ्यास मान वर करून मागतां आलें. लाडकी बहीण केवळ शासननिर्णयावर उभी आहे. निर्णयानें आलेलें निर्णयानें जातें, आणि तोंवर ज्याच्या त्याच्यापुढें हात जोडावे लागतात.

म्हणून आमची मागणी अशी: मदतीला कायद्याचा आधार द्या, नांव कमी करावयाचें तर आधीं लेखी कारण द्या व बाईचें म्हणणें ऐका, बाळंतपणाचे सहा हजार कापाकापी न करतां द्या, आणि एकवीस वर्षांखालील आईस वगळूं नका. गांवांतील शिकलेल्या मुलांनींही आठवड्यांतून एक दिवस चावडींत बसून हे अर्ज फुकट भरून द्यावेत. दलालाचा धंदा त्यानें बसेल, आणि कोण खरा गरजू व कोण लबाड, हेंही गांवास पारावरच्या गप्पांपेक्षां जास्त चांगलें कळेल.