हॉर्न नंतर विका, आधी तपासणी विका



कारचा हॉर्न बंद पडून गिऱ्हाईक आलं की बऱ्याच ठिकाणी काय होतं? जुना हॉर्न काढायचा, नवा लावायचा. नाही वाजला तर रिले बदलायचा, मग स्विच. शेवटी फॉल्ट निघतो फ्यूजमध्ये! असा अंदाजपंचे धंदा फार दिवस चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचं कारण ज्ञानाची कमी नाही. आपण तपासायचे पैसे घेत नाही, फक्त पार्टवर कमावतो. मग हात आपोआप नव्या पार्टकडेच जातो.

खरं तर तपासणी किती सोपी आहे बघा. आधी फ्यूज. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, तार बांधू नका. पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो शोधा. मग हॉर्न दाबायला सांगा आणि रिलेची ‘टक’ ऐका. टक आली तर स्टिअरिंगकडची बाजू ठीक. आता हॉर्नच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावा. दाबल्यावर करंट येतोय, तरी आवाज नाही? बॅटरीच्या निगेटिव्हवरून हॉर्नला थेट अर्थ द्या. वाजला तर अर्थ गंजलाय, घासून साफ करा. तरीही गप्प असेल, तरच हॉर्न खराब.

टक येतच नसेल तर त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा. तरी नाही, तर स्विच किंवा क्लॉक स्प्रिंग. सोबत एअरबॅगचा दिवा लागला असेल तर क्लॉक स्प्रिंगवर संशय घ्या. मात्र एअरबॅगवालं स्टिअरिंग माहितगारानेच खोलावं, तेही बॅटरी काढून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबून.

या कामाचे समजा १५० रुपये ठेवा. बोर्डावर लिहा, आधी सांगा. गिऱ्हाईक म्हणेल, “नुसतं बघायचे कसले पैसे?” त्याला टेस्ट लॅम्प पेटलेला दाखवा आणि सांगा, “दादा, या १५० मुळे तुमचा नव्या हॉर्नचा खर्च वाचला.” पार्ट बदललाच तर जुना त्याच्या हातात द्या.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हे जास्तच लागू आहे. नवरात्रात तुळजापूरला सोलापूर, कर्नाटक, तेलंगणातून गाड्या येतात. ‘हा कुठं परत येतोय’ म्हणून पार्ट चिकटवणारे आहेत. अहो, आई भवानीच्या दर्शनाला माणूस दरवर्षी येतो! शिवाय परत जाताना त्याला घाटाची वळणं उतरायची असतात. तिथे हॉर्न ही चैन नाही. अंदाजाने बसवलेला पार्ट वळणावर गप्प झाला, तर प्रश्न बिलाचा राहत नाही.

उद्या सकाळी शटर उघडलं की पहिलं काम करा: तपासणीचा दर बोर्डावर लिहा.