‘तमस’ आणि दूरचित्रवाणीचा अभिप्रेत प्रेक्षक

दूरचित्रवाणीसंबंधी साहित्यक्षेत्रात होणारी चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरत राहते. या माध्यमामुळे वाचन घटले काय, हा एक. आणि साहित्यकृतीचे मालिकेत रूपांतर होताना तिचे सत्त्व टिकते काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त असले तरी त्यांहून मूलभूत असा एक प्रश्न मागे राहतो. दूरचित्रवाणीवरील कलाकृती आपला प्रेक्षक कसा गृहीत धरते? वाङ्मयसमीक्षा कृतीतील अभिप्रेत वाचकाचा शोध घेते. त्याच काटेकोरपणे या प्रेक्षकाचाही शोध घेतला गेला पाहिजे. भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ या हिंदी कादंबरीचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या कादंबरीच्या निर्मितीचा एक धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे. मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल उसळली. त्यानंतर साहनी तेथे गेले असता १९४७ सालची रावळपिंडी त्यांच्या मनात जागी झाली आणि त्यातून ‘तमस’चे लेखन सुरू झाले. कादंबरीतील नत्थू पैशांच्या मोबदल्यात एक डुक्कर मारतो. ते कशासाठी, हे त्याला ठाऊक नसते. पुढे मशिदीच्या पायऱ्यांवर मेलेले डुक्कर आढळते आणि शहर पेटते. दंगल आपोआप उद्भवत नाही, ती घडवून आणली जाते. आणि तिची किंमत मात्र न घडवणाऱ्यांना मोजावी लागते, हे या कृतीचे आशयसूत्र होय. १९७५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेले ‘तमस’ दूरदर्शनवरून दाखविले जाऊ लागले आणि तीच कथा न्यायालयात पोहोचली. मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल होऊन प्रथम प्रक्षेपणास स्थगिती मिळाली. न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी संपूर्ण चित्रण स्वतः पाहिले व ती स्थगिती उठविली. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही प्रक्षेपणावरील आक्षेप फेटाळून लावले.

पुस्तकातील जे चालले ते पडद्यावर का खटकले? याचे उत्तर माध्यमाच्या स्वरूपात आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’चा वादही १९७०च्या दशकाच्या आरंभी न्यायालयात गेला होता, परंतु नाटकाचा प्रेक्षक तिकीट काढून, स्वेच्छेने नाट्यगृहात जातो. दूरचित्रवाणी घरात येते. १९८८ साली तर ती एकाच शासकीय यंत्रणेच्या हाती होती आणि घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वजण तिच्यासमोर एकत्र बसत. दृश्याचा परिणाम मुद्रित शब्दापेक्षा तीव्र असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात मान्य केले होते आणि चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरविले होते. म्हणून आक्षेपकांची भीती केवळ हास्यास्पद म्हणून बाजूला सारता येत नाही.

तथापि, न्यायालयांनी या भीतीला दिलेले उत्तर साहित्याच्या अभ्यासकांनीही मनन करण्याजोगे आहे. निरक्षर माणूस म्हणजे सारासार विवेकाला पारखा झालेला माणूस नव्हे, असा उच्च न्यायालयाच्या विवेचनाचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने जो निकष स्वीकारला तो १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी मांडलेला होता. शब्दांचा परिणाम जोखताना विवेकी, खंबीर आणि धैर्यशील माणसाची कसोटी लावावी. प्रत्येक विरोधी मतात संकट पाहणाऱ्या दुर्बल मनाची नव्हे, हा तो निकष. कायद्याच्या परिभाषेत मांडलेली ही अभिप्रेत प्रेक्षकाचीच संकल्पना आहे.

याच निकषावर पुढील काळातील दूरचित्रवाणीची परीक्षा व्हावयास हवी. खाजगी वाहिन्यांच्या विस्तारानंतर शासकीय मक्तेदारी संपली. परंतु प्रेक्षकाविषयीचा अविश्वास त्याबरोबर संपला असे म्हणता येत नाही. कोणी दुखावेल म्हणून विषयच टाळणारी मालिका प्रेक्षकाला दुर्बल मानते. तीच घटना संगीताच्या ठेक्यावर पुनःपुन्हा दाखवून त्याच्या भावना चेतविणारी मालिकाही त्याला दुर्बलच मानते. एकीला संयम व दुसरीला धाडस म्हटले जाते, एवढाच भेद. ‘तमस’ने यांपैकी काहीच केले नाही. हिंसेमागील हात कसे हलतात, हे तिने दाखविले आणि निष्कर्ष प्रेक्षकावर सोपविला.

भाषा आणि साहित्य यांच्या विभागांनी दूरचित्रवाणीकडे केवळ रूपांतराची जागा म्हणून पाहणे आता पुरेसे नाही. पटकथा ही संहिता आहे. तिचे निवेदन, तिची गाळलेली स्थळे आणि तिने गृहीत धरलेला प्रेक्षक हे सारे समीक्षेचे विषय आहेत. ही समीक्षा साहित्याच्या अभ्यासकांनी केली नाही, तर प्रेक्षकाची कुवत ठरविण्याचे काम एका बाजूला जाहिरातदारांकडे आणि दुसऱ्या बाजूला न्यायालयांकडे जाईल. १९८८ साली न्यायालयांनी ते विवेकाने केले. म्हणून समीक्षेची जबाबदारी संपत नाही.