श्रमदान दोन दिवसांचे, देखभाल कोणाची?

श्रमदानाची शिबिरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना एक अनुभव ओळखीचा असेल. दोन दिवस शेकडो हात राबतात, चर खणले जातात, गाणी होतात, छायाचित्रे निघतात. आणि पहिल्याच पावसात चर बुजून जातात. ते पुन्हा उपसायचे कोणी, हे शिबिर भरवताना ठरलेलेच नसते. संगणकाच्या प्रणाली नेपाळी भाषेत आणण्यासाठी स्वयंसेवक एक-दोन दिवस एकत्र बसतात. ‘हॅकेथॉन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मेळाव्यांपुढेही हाच धोका आहे. किती हजार वाक्ये भाषांतरित झाली, हा आकडा संध्याकाळी टाळ्यांच्या गजरात जाहीर होतो. त्यांतली किती वाक्ये वर्षभराने पडद्यावर शिल्लक होती, हे सहसा कोणी विचारत नाही.

म्हणून या कामाचे मोल कमी लेखावे असे मात्र नाही. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने देवनागरी लिपीतील नेपाळीला सरकारी कामकाजाची भाषा ठरवले आहे. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चतुर्थांश इतकी रक्कम आखातात, मलेशियात, भारतात राबणारी माणसे घरी धाडतात आणि ती आता पुष्कळदा मोबाइलवर येऊन पोहोचते. तेथील मजकूर इंग्रजीत असला, तर पहाडातल्या वृद्ध आईला शेजारच्या शाळकरी मुलापुढे आपला गुप्त क्रमांक उघड करावा लागतो. भाषेच्या अभिमानाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी स्वतःच्या पैशावर स्वतःचा ताबा असावा, एवढी मागणी उरतेच.

या प्रयत्नांना इतिहास आहे. ललितपूरच्या मदन पुरस्कार पुस्तकालयाने कॅनडाच्या साहाय्याने चाललेल्या आशियाई प्रकल्पातून २००५ साली ‘नेपालिनक्स’ ही मुक्त संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. जुनी पुस्तके आणि नियतकालिके जपणाऱ्या ग्रंथालयाने संगणकाला मातृभाषा शिकवावी, ही घटनाच विलक्षण होती. आज त्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्या निघत नाहीत. परक्या निधीवर उभे राहिलेले काम त्या निधीनंतर कोणी चालवायचे, याचे उत्तर आधीच शोधावे लागते.

तेव्हा मेळाव्याची खरी आखणी मेळाव्याच्या दिवसाबाहेर आहे. पहिली गोष्ट परिभाषेची. संगणकात काही साठवायचे झाले, तर एक स्वयंसेवक ‘बचत’ लिहितो, दुसरा ‘सङ्ग्रह’, तिसरा सरळ ‘सेभ’. बँकेच्या प्रणालीत ‘बचत’ हा खात्याचाही प्रकार असतो. त्या एका शब्दाने ग्राहक गोंधळला, तर दोष त्याचा नव्हे. नेपाळीत तँ, तिमी, तपाईं अशा आदराच्या पायऱ्या आहेत. संगणकाने माणसाला कोणत्या पायरीवरून बोलवायचे, हे चाळीस जणांनी चाळीस प्रकारे ठरवून भागणार नाही. हे वाद महिनाभर आधी, भाषेच्या शिक्षकांना आणि बँकेतल्या कारकुनाला शेजारी बसवून मिटवायला हवेत. संगणकतज्ज्ञांना हे दोघे जण सहसा आठवत नाहीत.

लिपीचेही असेच आहे. ‘गर्‍यो’ या नेपाळी क्रियापदातला र मराठी वाचकाला ‘दुसऱ्या’ या शब्दातून परिचित आहे. हिंदीत तो आढळत नाही. हा र उमटवण्यासाठी टंकलेखनात एक अदृश्य चिन्ह द्यावे लागते. ते विसरले की रेफ डोक्यावर चढतो आणि शोधयंत्राच्या लेखी शब्दच बदलू शकतो. कळफलक कोणता व जोडाक्षरे कशी लिहायची, हे आधी शिकवले नाही, तर मेळाव्याची अर्धी सकाळ त्यातच जाते. भाषांतर करताना प्रत्यक्ष प्रणाली समोर चालू हवी, हेही सांगायला हवे. ‘ओपन’ या एका इंग्रजी शब्दासाठी ‘खोल्नुहोस्’ लिहायचे की ‘खुला’, हे सुट्या ओळीवरून कळत नाही.

काळवेळेचाही हिशेब आहे. ‘ग्नोम’सारख्या मुक्त प्रणालीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते आणि त्याच्या काही आठवडे आधी मूळ मजकूर गोठवला जातो. मेळावा त्या सुमारास भरवावा. एरवी मूळ वाक्यातला एखादा शब्द बदलला, की जुने भाषांतर संशयित ठरते आणि कोणी तपासून कायम करेपर्यंत पडद्यावर पुन्हा इंग्रजी दिसते. तपासनीस हीच या व्यवहारातली दुर्मीळ वस्तू आहे. भाषांतरकार त्या मानाने पुष्कळ मिळतात. नेपाळच्या पहाडात ‘पर्म’ची रीत आहे, आपल्याकडच्या सावडीसारखी : आज तुझ्या शेतात माझे हात, उद्या माझ्या शेतात तुझे. तीच येथे लावावी. ज्याने शंभर ओळी लिहिल्या, त्याने दुसऱ्याच्या शंभर तपासाव्यात. यंत्र आता कच्चे भाषांतर क्षणात पुढे करते, त्यामुळे तर तपासण्याचे ओझे वाढलेच आहे.

फुकटच्या श्रमाचा लाभ कोणाला, हा प्रश्न विचारायला संकोच वाटू नये. मुक्त प्रणालीत घातलेला प्रत्येक शब्द सर्वांचा राहतो. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या मालकीच्या प्रणालीसाठी विद्यार्थ्यांनी दोन रात्री जागून शब्द पुरवायचे आणि मोबदल्यात सदरा व प्रमाणपत्र घ्यायचे, याला स्वयंसेवा म्हणत नाहीत. तेथे मजुरी मागावी. परिभाषेचा कोश तरी कोणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली राहील, ही अट संयोजकांनी घालावीच.

आणखी एक. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी ही मातृभाषा सुमारे ४५ टक्क्यांची. निम्म्याहून अधिक नागरिकांना नेपाळी पडदाही दुसऱ्याच भाषेचा आहे. मैथिली आणि भोजपुरी आज देवनागरीतच लिहिल्या जातात; विक्रम संवताची तारीख, देवनागरी अंक, अक्षरजुळणी यांसाठी केलेले काम त्यांना जसेच्या तसे उपयोगी पडते. जनकपूरहून दोन-चार मैथिली भाषकांना पहिल्याच मेळाव्याला बोलावले, तर खर्च बसभाड्याएवढाच वाढेल.