इंजिन सगळ्यात शेवटी घ्या!

परवा शनिवारी रात्री मन्याचा फोन. मन्या म्हणजे कॉलेजातला रूम पार्टनर. दोघेही मेकॅनिकलचे, दोघेही पोटासाठी आयटीत. तो ओहायोत असतो आणि गेली तीन वर्षं गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधतोय. खेळण्यातलं नाही, आत बसून उडायचं! अमेरिकेत हे रीतसर करता येतं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं हवं आणि तपासणी व्हायला हवी.

"अरे, इंजिन घेतलं! कारचं, १०० एचपी. नव्या विमान-इंजिनाच्या दहाव्या भागात."

प्रोपेलर? "सेकंडहँड मेटलचा मिळतोय. लांब आहे, टोकं कापून घेईन." आणि चाकं? "ती काय रे, गो-कार्टची बसवू."

इथे आमचं वाजलं. फोनवर अर्धवट राहिलेलं भांडण आता इथे पूर्ण करतो.

मन्याचं (आणि त्याच्यासारख्या हजारोंचं) म्हणणं, एचपी ती एचपी, कारची काय नि विमानाची काय! चूक. कारचं इंजिन १०० एचपी देतं ते साधारण ६००० आरपीएमला, आणि हायवेला आपण त्यातली वीस-पंचवीसच वापरतो. विमानात टेकऑफला सगळी लागते आणि मग तासन्‌तास तीन चतुर्थांश. लायकॉमिंगचं ओ-३२० हे ५.२ लिटरचं धूड १६० एचपी देतं, तेही २७०० आरपीएमला. लोक त्याला ट्रॅक्टर म्हणून हसतात. हसणाऱ्यांनी जरा गणित करावं. ७२ इंची प्रोपेलर २७०० ला फिरला की टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २६० मीटर. तोच ५५०० ला फिरवा, ५२५ च्या पुढे! आवाजाचा वेग ३४०. टोकं त्याच्या पुढे गेली की इंजिनाची ताकद विमान ओढण्यापेक्षा बोंबलण्यातच जास्त जाते.

मग मध्ये गिअरबॉक्स घाला. रोटॅक्स ९१२ तेच करतं. १०० एचपीच्या मॉडेलमध्ये इंजिन ५८०० ला आणि गिअर २.४३ ला १. पण तो गिअरबॉक्स त्याच इंजिनासाठी बनवलेला असतो. घरी जुळवलेल्यात एका बाजूने सिलिंडरचे धक्के, दुसऱ्या बाजूने जड प्रोपेलर, आणि मधला शाफ्ट पिळला जातो, सुटतो, पुन्हा पिळला जातो. एखाद्या आरपीएमला धक्क्यांचा ताल शाफ्टच्या स्वतःच्या तालाशी जुळला की संपलं. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्ही मोड्यूल टेस्टेड, इंटरफेस कोणी बघितलाच नाही.

म्हणूनच तिथल्या नेहमीच्या नियमात इंजिन आणि प्रोपेलर यांची जोडी प्रमाणित असेल तर चाचणीचे २५ तास, नाहीतर ४०. 'जोडी' हा शब्द बघा. मेटलचं पातं कापलं की त्याची कंपनं बदलतात. उद्या हवेत त्याचा तुकडा उडाला, तर उरलेल्याच्या असमतोलाने इंजिन माउंटमधून उखडू शकतं.

आता चाकं, ज्यांना कोणीच विचारत नाही. कारखान्यातल्या छोट्या विमानांसाठी जुना अमेरिकन नियम होता. पुढे नाकाखाली चाक असेल तर प्रोपेलरच्या टोकाखाली ७ इंच मोकळे हवेत, शेपटीखाली असेल तर ९. घरच्या विमानाला तो लागू नसेल, पण दगडाला ते कोण सांगणार? चाक बारकं घेतलं की विमान खाली बसतं आणि प्रोपेलर आखूड करावा लागतो. म्हणजे चाकाने प्रोपेलर ठरवला आणि प्रोपेलरने इंजिनाचे आरपीएम. शिवाय ६०० किलोचं विमान ताशी ९० किमीने टेकलं की साडेसतरा इंची चाक क्षणात शून्यावरून हजार आरपीएमला जातं, आणि थांबायला १,८७,५०० ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. वर आडव्या वाऱ्यात बाजूने मार. गो-कार्टच्या चाकाने हे का सोसावं?

तर क्रम असा: जमीन, चाक, प्रोपेलर, इंजिन. राइट बंधूंनी १९०३ मध्ये हेच केलं. वाळूत चाकं रुततील म्हणून लाकडी रूळ टाकला. साडेआठ फुटी दोन प्रोपेलर, साखळीने सावकाश फिरणारे, आणि इंजिन फक्त १२ एचपी. लँग्लेसाहेबांकडे ५२ एचपीचं उत्तम इंजिन होतं. ८ डिसेंबरला त्यांचं यंत्र पोटोमॅक नदीत पडलं, १७ डिसेंबरला राइट उडाले.

कारचं इंजिन चालतच नाही असं नाही. पीटनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए चं इंजिन लावून दाखवलं. पण ते ४० एचपी देई २२०० आरपीएमला, प्रोपेलर थेट जोडता येईल असं. स्वस्त होतं म्हणून नाही, जुळत होतं म्हणून चाललं.

मन्या, चिडू नकोस. पैसे वाचवायला माझा विरोध नाही. पण चाचणीचे तास संपले की शेजारच्या सीटवर तुझी सात वर्षांची सई बसणार आहे. हेडफोन कुठल्या रंगाचा हवा ते तिने आत्ताच सांगून ठेवलंय. ते इंजिन विकून टाक. वर्षभर उशिरा उडशील, एवढंच ना?

वाचलंस की फोन कर. बघ, मी जागाच आहे.